मदत हवी आहे: घरच्या वर्कशॉपसाठी टेबल सॉ बदलायचा आहे

मंडळी, माझा १० इंची टेबल सॉ (टेबलातून वर आलेल्या गोल पात्याने लाकूड कापायचं मशीन) आता काढायचाच आहे. फेन्स, म्हणजे लाकूड टेकवून सरळ ढकलायची पट्टी, घट्ट केली की पात्याच्या मागच्या बाजूला साधारण अर्धा सूत आत सरकते, त्यामुळे सागवान जळतं आणि लाकूड उलटं अंगावर येतं. दोनदा बेअरिंग बदलल्या, नवं ४० दातांचं पातं लावलं, फेन्स डायल गेजने जुळवली. चार दिवस बरं, मग पुन्हा तेच. शाफ्टलाच लूज आहे. शिवाय रायविंग नाइफ (पात्यामागची पट्टी, जी कापलेलं लाकूड पात्यावर आवळू देत नाही) नाही; आता त्याशिवायचं मशीन मुळीच नको.

खोली १० बाय ९ फूट, सिंगल फेज, १५ अँपिअरचा एकच सॉकेट. काम बहुतेक १८ मिमी प्लाय आणि दीड इंचापर्यंतचं सागवान. आठ बाय चारची शीट आधी हातातल्या सर्क्युलर सॉने फाडून घेतो, त्यामुळे मोठं टेबल लागत नाही. डॅडोची (रुंद खाच पाडायच्या पात्यांची) गरज नाही. बजेट ५० हजार, फार तर ५५.

बॉशचा जीटीएस २५४ आणि मकिताचा एमएलटी १०० बघतोय. दोन्हींच्या मोटरी ब्रशवाल्या, म्हणजे कर्कश; वर शेजारी राहतात. दुसरा पर्याय, इथल्या फॅब्रिकेटरकडून २ एचपी इंडक्शन मोटर लावून बीडाच्या (ओतीव लोखंडाच्या) टेबलाचं मशीन. ते शांत चालेल, पण रायविंग नाइफ पात्याबरोबर वर-खाली होणारा मिळेल का, शंका आहे.

बॉश किंवा मकितापैकी एखादं कोणी दोनेक वर्षं वापरलंय का? फेन्स रोज सरकवूनही पात्याला समांतर राहते का? आणि २ एचपी इंडक्शन सुरू होताना घरचा एमसीबी पडतो का?