मुंबईत जॉब लागलाय, हातात ४२ हजार येतील, भाड्याला किती काढू?

औसेकर_९९
नमस्कार मंडळी. मी लातूरचा, म्हणजे औशाचा, पण तिकडं कुणाला कळत नाही म्हणून लातूरच सांगतो. पवईत जॉब लागलाय. पॅकेज ६.२० लाख पण त्यातच ५० हजार व्हेरिएबल (म्हणजे मिळतील न मिळतील असे) आणि कंपनीच्या वाट्याचा पीएफ पण त्यातच धरलाय, एचआर म्हणाली सगळं कापून हातात ४२ हजाराच्या आसपास येतील. १६ तारखेला जॉइनिंग. घरी महिन्याला ८ हजार पाठवायचेच आहेत, बहिणीचं शिक्षण चालूय, त्यात तडजोड नाही. सगळीकडं वाचायलोय की पगाराच्या ३० टक्के भाड्याला द्यावेत, म्हणजे झाले १२-१३ हजार, आणि तेवढ्यात पवईत काय मिळतं ते बघितलं तर हसूच आलं. मामा म्हणायलेत डोंबिवलीत ये, १० हजारात वन आरके बघून देतो (ते तिथंच राहतात, पण चार माणसं वन बीएचकेत, त्यांच्या गळ्यात कुठं पडू). एक मित्र म्हणतोय दोघांत पवईजवळ कांजूरला वन बीएचके घेऊ, भाडं २८ हजार, डिपॉझिट १ लाख. माझ्याजवळ सगळे मिळून ६० हजार आहेत. काय करावं?

स्लो_लोकल
भावा भाडं नंतर बघू, आधी पहिला महिना मोज. कांजूरचा फ्लॅट धर. डिपॉझिट १ लाख, ब्रोकरेज एक महिन्याचं म्हणजे २८, पहिलं भाडं ॲडव्हान्स अजून २८, झाले १ लाख ५६ हजार, अॅग्रीमेंटचा खर्च वेगळा. तुझा अर्धा वाटा ७८ हजार आणि खिशात ६०. गादी, बादली, गॅस, शेगडी हे तर धरलंच नाही अजून. वरून १६ तारखेचं जॉइनिंग म्हणजे बऱ्याच कंपन्यांत पेरोलची तारीख हुकते आणि ते अर्ध्या महिन्याचे पैसे पुढच्या पगारात येतात, ते एचआरला आजच्या आज विचार. तसं असेल तर दीड महिना जवळच्याच पैशावर काढायचाय.
माझं मत विचारशील तर आत्ता फ्लॅट नकोच. आयआयटी मार्केटच्या बाजूला, चांदिवलीत, साकीविहार रोडला कॉट बेसिसवर (म्हणजे खोली नाही, नुसती एक खाट भाड्याने) बघ, एका रूममध्ये तिघं-चौघं असतात, साधारण ९ ते १२ हजारात बसतं, डिपॉझिट एक-दोन महिन्यांचं आणि डायरेक्ट मिळालं तर ब्रोकरेज शून्य. प्रायव्हसी नाही, कोणीतरी रात्री २ ला फोनवर बोलत असतं, पण दोन-तीन महिने चालतंय. तेवढ्यात ऑफिसातलीच पोरं भेटतात रूम शेअर करायला.

ठाकुर्लीची_ताई
डोंबिवलीला लगेच नाही म्हणू नकोस रे. १० हजारात स्वतःची खोली आणि मामा जवळ, आजारी पडलास तर कोणीतरी आहे, याची किंमत कोणी हिशोबात धरत नाही. सेकंड क्लासचा पास काही शेकड्यात येतो, महाग पडते ती रिक्षा. कांजूर स्टेशनवरून पवईच्या हिरानंदानीपर्यंत शेअर रिक्षाचे जाऊन-येऊन ५० तरी धर, महिन्याचे हजार-अकराशे तिथेच गेले.
आता दुसरी बाजू पण सांगते. कांजूरला फास्ट लोकल थांबत नाही. म्हणजे एकतर डोंबिवलीहून स्लोने रखडत जायचं नाहीतर फास्टने ठाण्याला उतरून गाडी बदलायची, आणि सकाळी साडेआठला ठाण्याला स्लोमध्ये शिरणं काय असतं ते तुला बघितल्याशिवाय कळणार नाही. घरातून निघून खुर्चीत बसेपर्यंत दीड तास धर, पावसाळ्यात देवाच्या हवाली. मामांकडे दोन दिवस राहा आणि वर्किंग डेला सकाळी खांद्याला बॅग लावून एकदा जाऊन ये, रविवारी रिकाम्या गाडीत बसून ठरवू नकोस. ऑफिस १० ते ७ असेल तर जमेल, रात्री १० ला सुटणार असशील तर नको.
आणि ते ३० टक्क्यांचं डोक्यातून काढ. ४२ मधून घरचे ८ आधी बाजूला काढ, उरले ३४. दोन वेळचा डबा ४ हजार, सकाळचा चहा-नाश्ता, मोबाईल, प्रवास, लातूरला येणं-जाणं मिळून ७-८, थोडी शिल्लक पडायलाच हवी. भाडं, लाईट, वायफाय सगळं धरून १५ च्या वर जाऊ नकोस, मग ते पवई असो नाहीतर डोंबिवली.

अकरा_महिने
पुढेमागे फ्लॅट घेशीलच म्हणून सांगतो. लिव्ह अँड लायसन्स अॅग्रीमेंट, म्हणजे भाडेकरार, रजिस्टर झालंच पाहिजे, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी घरमालकाची आहे, नुसतं नोटरी करून देतो म्हणाला तर ऐकू नको. खर्चाचा बाऊ करतात पण स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के असते, २८ हजार गुणिले ११ महिने म्हणजे साधारण पावणेआठशे रुपये, रजिस्ट्रेशन शहरात १ हजार, बाकी एजंटची फी. दोघं राहणार तर दोघांची नावं टाका. लॉक-इन (म्हणजे मध्येच घर सोडता येत नाही तो काळ) किती महिन्यांचा ते वाच, मित्र मध्येच पुण्याला गेला तर २८ हजार एकट्याने भरशील का?
मेंटेनन्स भाड्यात धरलाय का तेही विचार. माझ्या एका घरमालकाने सोसायटीचे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नाही म्हणून लावतात ते) म्हणून महिन्याला २ हजार वेगळे मागितले होते, तो चार्ज सोसायटीला सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावताच येत नाही, सोसायटीचं बिल दाखवा म्हटल्यावर विषय बंद. आणि राहायला जायच्या दिवशी भिंती, नळ, बेसिन सगळ्याचा व्हिडिओ काढून त्यालाच व्हॉट्सअॅप कर, निघताना पेंटिंगच्या नावाने डिपॉझिट कापतात.

औसेकर_९९
धन्यवाद सगळ्यांना. एचआरला विचारलं, १५ नंतरचं जॉइनिंग पुढच्या महिन्याच्या पगारातच येणार म्हणे. म्हणजे फ्लॅट बाद, मित्राला सांगितलं, थोडा नाराज झाला. चांदिवलीत एक कॉट मिळायलीय, साडेदहा हजार, लाईट-वायफाय धरून. पण तो माणूस दोन महिन्यांचं डिपॉझिट कॅशच मागायलाय आणि पावती देत नाही म्हणतो. आणि टॅक्समध्ये एचआरए (घरभाडे भत्ता) ची सूट घ्यायला भाडेपावती लागते ना?

स्लो_लोकल
टॅक्सचं टेन्शन घेऊ नको, नव्या टॅक्स रिजीममध्ये एचआरएची सूट नाहीच आणि तुझ्या पगारावर टॅक्सही शून्य येतो.
पण २१ हजार कॅश पावतीशिवाय अजिबात देऊ नको. यूपीआयने घे म्हण, मेसेजमध्ये डिपॉझिट असं लिही. नाहीच म्हणाला तर दुसरी कॉट बघ, त्या रोडला वॉचमनला विचारलं तरी चार पत्ते मिळतात. आणि बघायला सकाळी ८ ला जा, बाथरूमला किती जणांची लाईन आहे ते तेव्हाच कळतं.

ठाकुर्लीची_ताई
मामांना घेऊन जा बघायला. एकट्या पोराला वेगळा रेट सांगतात.