मदत हवी आहे: राबाचा (भाताच्या रोपांसाठी जमीन भाजण्याचा) धूर आणि वणव्याचा धूर मॉडेलला वेगळा कसा ओळखता येईल?

नमस्कार मंडळी,

मुळशी भागात आम्ही काही जण उन्हाळ्यात वणवे विझवायला जातो. उपग्रहावरून येणारे इशारे बघतो, पण व्हीआयआयआरएस या उपग्रहावरच्या सेन्सरचा एक पिक्सेल ३७५ मीटरचा आणि उपग्रहाच्या दिवसातल्या फेऱ्या मोजक्याच. उतारावरचं वाळलं गवत तेवढा वेळ देत नाही. म्हणून पठारावर साधा आयपी कॅमेरा बसवलाय. सोलर पॅनल, फोरजी राउटर, मिनिटाला एक फ्रेम.

फोटोत धूर शोधणारं मॉडेल योलोव्ही८. ट्रेनिंगसाठी फिगलिब घेतलं, म्हणजे दक्षिण कॅलिफोर्नियातल्या डोंगरांवरच्या कॅमेऱ्यांचे फोटो, आग लागण्याआधीची आणि नंतरची साधारण ४०-४० मिनिटं. धुराभोवतीच्या चौकटी आम्हीच काढल्या. ट्रेन-टेस्ट विभागणी आगीनुसार केलीय, फ्रेमनुसार नाही, म्हणजे एकाच आगीचे फोटो शिकवण्यात आणि चाचणीत दोन्हीकडे येत नाहीत.

१९२० पिक्सेल रुंद फ्रेम ६४० वर आणली की २४ पिक्सेलचा धूर ८ पिक्सेलचा होतो आणि दुपारच्या धुरकटीत विरतो. फ्रेम लहान न करता तिचे तुकडे पाडून तपासल्यावर ते निभावलं.

घोडं अडलंय राबावर. फेब्रुवारीपासून जो तो राब भाजतो. शेण, पालापाचोळा, वर मातीचा थर, त्यामुळे धूर दाट, पांढरा, तासन्‌तास. तो खरा धूरच, मॉडेलला दोष कसा देणार? पण ग्रुपवर इशाऱ्यांचा इतका मारा होतो की लोक फोन बघेनासे झालेत. कॉन्फिडन्सची, म्हणजे मॉडेलला किती खात्री हवी याची, मर्यादा वाढवली तर आधी गळतो तो गवताचा विरळ धूर, म्हणजे नेमका हवा तोच. शेतं मास्क करावीत, म्हणजे फ्रेममधला तो भाग झाकावा, तर कितीतरी वणवे राबाची ठिणगी बांधापलीकडे गेल्यानेच लागतात!

स्मोकीनेट या धूर ओळखणाऱ्या मॉडेलमध्ये सीएनएनला (फोटो बघणारं नेटवर्क) एलएसटीएम (आधीचं लक्षात ठेवणारं नेटवर्क) जोडून लागोपाठच्या फ्रेम एकत्र बघतात. त्या वाटेने जावं का? की राबाचे फोटो 'धूर नाही' म्हणून ट्रेनिंगमध्ये घालावेत?

प्रतिसाद

'धूर नाही' म्हणून अजिबात घालू नका, मॉडेल दाट धुराकडेच काणाडोळा करायला शिकेल. धूर ओळखणं एवढंच काम डिटेक्टरला ठेवा, इशारा द्यायचा की नाही हे पुढच्या टप्प्यात ठरवा.

धुराच्या वरच्या लोटापेक्षा बुडाकडे लक्ष द्या. राबाचं बूड जागचं हलत नाही, वणव्याची धग चढाकडे सरकते. चौकटीची खालची कड सलग पाच-सहा फ्रेम नोंदवली तरी हा फरक बराचसा दिसेल, एलएसटीएमची घाई नको. शेतांच्या सीमा फ्रेमवर एकदा हाताने काढा. सीमेच्या आत धूर असेल तर फक्त नजर ठेवायची, बूड बाहेर पडलं की इशारा. शेताबाहेर, गवतात किंवा रानात धूर दिसला तर न थांबता इशारा. शेत कड्याआड किंवा झाडांमागे असेल तर बूड दिसणारच नाही, तिथे गावातल्या कोणाला तरी फोन करण्याला पर्याय नाही.

कॅमेरा एकाच दिशेला स्थिर आहे ना? फिरता असेल तर प्रत्येक कोनासाठी सीमा वेगळ्या काढाव्या लागतील.