मदत हवी आहे : बाबांच्या इलेक्ट्रिक रिक्षाचं रीजन पावसाळ्यापुरतं कमी करावं का?

नमस्कार मंडळी. आम्ही असल्फ्याला टेकडीवर राहतो. कितीतरी वर्षं सीएनजी रिक्षा चालवल्यावर बाबांनी यंदा इलेक्ट्रिक घेतली. तिच्यात रीजन आहे, म्हणजे ॲक्सिलरेटरची मूठ सोडली की मोटरच गाडीला रोखते आणि त्यातून बॅटरी चार्ज होते.

परवा दुपारी भुरभुर पावसात ते रिकामी गाडी घेऊन उतारावरून येत होते. डाव्या वळणावर सवयीप्रमाणे मूठ सोडली, तशी मागची बाजू सर्रकन उजवीकडे गेली. पाय ब्रेकवर पोचलाही नव्हता! चाकं नेमकी पेव्हर ब्लॉकवर होती. गाडी गटारापासून वीतभर अंतरावर थांबली. घरी आल्यावर बाबा जेवले नाहीत, नुसते बसून राहिले.

मला कळलंय ते असं : मोटर मागच्या चाकांना जोडलेली, म्हणून रीजनही फक्त मागच्याच चाकांना रोखतं. वेग कमी होताना भार पुढे जातो, मागे पॅसेंजर नसले की तिथली पकड आणखी कमी होते, त्यात ओला रस्ता. शिवाय पुढे एकच चाक, त्यामुळे वळणात वेग मोडला की गाडी कलंडायची भीती वेगळीच.

पण मला जास्त काळजी दुसऱ्याच गोष्टीची आहे. सकाळी बॅटरी फुल असते, तिला आणखी चार्ज घेता येत नाही, म्हणून मूठ सोडली तरी गाडी धावतच राहते. दुपारी तीच गाडी करकचून धरते. एकाच उतारावर दोन तऱ्हा! बाबांच्या पायाला नेमकी कुठली सवय लावायची?

प्रतिसाद
ताई, मीही तीनचाकीच चालवतो. वेग वळणाआधी, सरळ रस्त्यावरच कमी करायचा. वळणात मूठ झटक्यात सोडायची नाही, हळूहळू आणायची. टेकडीवर राहताय, तर रात्री चार्जिंग फुल व्हायच्या थोडं आधीच काढा, म्हणजे सकाळी उतरतानाही रीजन मिळेल. आणि ब्रेकचे ड्रम उघडून लायनर बघून घ्या. रीजनमुळे पायाचा ब्रेक कमी वापरला जातो, मग पाणी गेलं की पहिल्या दाबाला पकडत नाही.

धागाकर्ती
खूप आभार, दादा. चार्जिंगचं आजपासूनच करते. आमच्या गाडीत रीजनची लेव्हल बदलायचं बटण नाही. सर्व्हिस सेंटरला ती कमी करून देतात का? कुणी करून घेतलंय? उद्या बाबा गाडी धंद्यावर काढणार नाहीत, मीच त्यांच्यासोबत सर्व्हिस सेंटरला जाणार आहे.