चित्रांत पैसे गुंतवायचे आहेत, सुरुवात कुठून करावी?

बोरीकाठ (अमळनेर):
नमस्कार. सासऱ्यांनी विप्रोचे शेअर ठेवले होते, त्यातले थोडे यंदा विकले. घराचं कर्ज फिटलं, मुलीच्या शिक्षणाचं बाजूला काढलं, ५ लाख उरलेत. यजमान म्हणतात, जळगावला जाऊन सोनं घेऊ. मला चित्रं घ्यावीशी वाटतात. चित्रकार एम. एफ. हुसेन यांचं 'ग्रामयात्रा' हे चित्र १९५४ मध्ये एका परदेशी डॉक्टरने घेतलं होतं. मार्च २०२५ मध्ये ते न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटींना गेलं. ते वाचल्यापासून डोक्यात हेच आहे. विप्रो मूळची आमच्या गावातली तेलाची कंपनी; तिचे कागद ज्यांनी ट्रंकेत जपून ठेवले, ते पुढे श्रीमंत झाले हे सगळ्यांना ठाऊक आहे. चित्रांचं तसं होतं का?

आणखी एक. माहेरी धरणगावला माजघरात रविवर्म्याची लक्ष्मी आहे, पणजोबांनी आणलेली. भाऊ म्हणतो लाखोंची असेल. कुणाला दाखवावी?

शिरपूरकर:
ताई, यजमानांचं ऐका. आमची आजी म्हणायची, सोनं रातले बी इकाई जास (रात्रीसुद्धा विकलं जातं). मी ३ वर्षांपूर्वी एका दुकानातून ४० हजारांचं 'ओरिजिनल' निसर्गचित्र घेतलं. विकायची वेळ आली तेव्हा फ्रेमवाल्याने तिरप्या उजेडात धरून दाखवलं: चित्र कॅनव्हासवर छापलेलं, वरून पारदर्शक जेलचे फटकारे. पावती काढून पाहिली तर चित्रकाराचं नावच नाही. 'वॉल डेकोर, १ नग' एवढंच. भांडणार कशाच्या जोरावर?

चाळीसगावचा:
शिरपूरकर, वाईट वाटलं वाचून. पण तुमची ही पावतीची गोष्ट ताईंच्या सगळ्यात कामाची आहे. मी २० वर्षं थोडी थोडी चित्रं घेतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

ताई, विप्रोशी तुलना मनातून काढा. एक शेअर दुसऱ्या शेअरसारखाच असतो, भाव रोज छापून येतो, वर लाभांश आणि बोनस. चित्र भिंतीवर असेपर्यंत एक रुपया देत नाही. आणि १९५४ साली विकली गेलेली बाकीची चित्रं आज कुठे आहेत, त्यांची बातमी येत नाही.

सोन्याचा भाव सराफ बाजारात सकाळी फळ्यावर लागतो, तोच सगळ्यांना. चित्राचा भाव गिऱ्हाईक समोर आल्यावरच ठरतो. म्हणून घेण्याआधीच विचारायचं की हे माझ्याकडून पुढे कोण घेईल. लिलावात हातोडा पडलेल्या, म्हणजे शेवटच्या बोलीच्या किमतीवर खरेदीदाराला साधारण २० टक्के वर द्यावे लागतात. विकताना १० टक्के कमिशन गेलं असं धरा. १०० ला घेतलेलं चित्र तुम्हाला १२० ला पडलं. ते १२० हातात परत यायला हातोडा १३३ वर पडायला हवा, कर वेगळाच. ही वाढ व्हायला किती वर्षं लागतील ते कुणी सांगू शकत नाही. मुलीच्या शिक्षणाला किंवा दवाखान्याला लागू शकतील असे पैसे इथे घालू नका. ५ लाखांतले ५० हजार चित्रांना, बाकी यजमान म्हणतात तिकडे जाऊ द्या.

पहिलं वर्ष काहीच घेऊ नका, फक्त बघा. आमच्या चाळीसगावात छायाचित्रकार केकी मूस यांचं कलादालन आहे, तिथे अर्धा दिवस काढा. त्यांची टेबलटॉप छायाचित्रं, म्हणजे टेबलावर वस्तू मांडून काढलेली, पाहिली की उजेड आणि मांडणी म्हणजे काय ते समजतं. माझा डोळा तिथेच तयार झाला. अजिंठा तर घरचंच आहे. मुंबईला जहांगीर आर्ट गॅलरी, जे.जे. कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचं वार्षिक प्रदर्शन, बॉम्बे आर्ट सोसायटीचं प्रदर्शन. लिलावाआधी चित्रं बघायला ठेवतात, तिथे जा. कॅटलॉगमध्ये अंदाजे किंमत असते. ती झाकून आपला अंदाज वहीत लिहायचा आणि लिलावानंतर निकालाशी ताडायचा. मी २ वर्षं हे केलं, पहिल्या वर्षी सगळे अंदाज चुकले.

५० हजारांत मोठ्या नावाचं तैलचित्र कुणी देत असेल तर तिथून निघून या. त्या रकमेत छापाचित्रं येतात, म्हणजे चित्रकाराने स्वतः धातूच्या पत्र्यावर किंवा लिनोलियमवर कोरून मोजक्या प्रतींत छापलेली (एचिंग, लिनोकट), ज्यावर चित्रकाराने पेन्सिलीने सही करून ७/२५ असा आकडा घातलेला असतो. २५ प्रतींतली सातवी. किंवा कागदावरची रेखाटनं, जलरंग. तरुण चित्रकाराकडून थेट घ्या. त्याच्याकडून नाव, वर्ष, माध्यम, माप आणि चित्राचा फोटो असलेला सहीचा कागद घ्या आणि तो घराच्या खरेदीखताबरोबर ठेवा. पुढच्या गिऱ्हाइकाला चित्राइतकाच तो कागद लागतो.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीवर चित्र लावू नका. पावसाळ्यात फ्रेमची मागची बाजू भिंतीपासून थोडी सुटी ठेवा, कसर तिथेच लागते. माउंट, म्हणजे फ्रेमच्या आत चित्राभोवतीचा जाड कागद, आम्लरहितच मागा.

सीए_धुळे:
कराचं सांगतो. चित्र ही करासाठी भांडवली मालमत्ता आहे, घरातली वस्तू म्हणून सूट नाही. २४ महिन्यांपेक्षा जास्त ठेवून विकलंत तर नफ्यावर १२.५ टक्के. खरेदीचं बिल नसेल तर नफा सिद्ध करताना हाल होतात. चित्रांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. विकताना २ लाख किंवा जास्त रोख घेऊ नका, रोख घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हालाच, तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो.

बोरीकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. ५० हजारांवर यजमान तयार झाले. आणि लक्ष्मीचं?

चाळीसगावचा:
बहुधा ओलिओग्राफ असेल, म्हणजे छापील प्रत. रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांत गेल्या. मूळ तैलचित्र असेल तर ते राष्ट्रीय कलानिधीत मोडतं, देशाबाहेर नेता येत नाही. सराफाचं १० पटीचं भिंग घेऊन बघा. कॅनव्हासवर रंगाचा थर आणि कुंचल्याची रेघ दिसली तर मूळ असू शकतं. कागदावर बारीक वेडेवाकडे ठिपके दिसले तर जुनी शिळाछाप, म्हणजे ओलिओग्राफच. एकसारख्या ओळीतले ठिपके असतील तर अलीकडचं छापकाम.

बोरीकाठ:
काल भावाने सराफाकडून भिंग आणलं. वेडेवाकडे ठिपके आहेत, आणि फ्रेमखाली दबलेल्या पट्टीवर मळवलीच्या छापखान्याचं नाव. भाऊ थोडा खट्टू झाला. आई मात्र म्हणाली, विकायची कुणाला होती? काच पुसायला ओलं फडकं चालेल का?

चाळीसगावचा:
नाही ताई. पाणी काचेच्या कडेने आत उतरतं. कोरडं मऊ सुती कापड घ्या. काच काढू नका, इतक्या वर्षांत रंग काचेला चिकटलेला असू शकतो. आणि मागचा पुठ्ठा जुना असेल तर तेवढा जाणकार फ्रेमवाल्याकडून बदलून घ्या.