कॅगचा अहवाल विधायकांच्या आणि आपल्या हाती वेळेवर यावा म्हणून काय करता येईल?

मुरारची शिक्षिका

नमस्कार मंडळी. मी ग्वाल्हेरला मुरारमध्ये राहते, प्राथमिक शाळेत शिकवते. शाळेला लागूनच अंगणवाडी आहे, त्यामुळे पोषण आहाराचं काय चाललंय ते रोज दिसतं. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या राज्याच्या महालेखाकारांच्या, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगच्या इथल्या कार्यालयाच्या, अहवालाची बातमी आली होती, आठवत असेल. अंगणवाड्यांचं टेक होम राशन, म्हणजे घरी न्यायचा पोषण आहार, ज्या ट्रकांमधून नेल्याचं कागदावर होतं, त्यांचे नंबर तपासले तेव्हा काही नंबर मोटारसायकल, कार, ऑटो आणि टँकरचे निघाले. सरकारचं उत्तर होतं की हा अंतिम अहवाल नाही.

माझा प्रश्न त्या एका प्रकरणापुरता नाही. अंतिम अहवाल तयार झाला की तो विधानसभेत कधी ठेवायचा हे कोण ठरवतं? आणि आमच्यासारख्यांना तो कधी वाचायला मिळतो? मी एका लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात जाऊन विचारलं, तिथे कुठल्याच वर्षाचा अहवाल नव्हता. एजी ऑफिस, म्हणजे महालेखाकारांचं कार्यालय, तर आपल्याच गावात. एजी ऑफिसच्या पुलावरून आपण येतो-जातो, पत्ता सांगताना त्याचंच नाव घेतो, आणि तिथे आपल्या पैशाबद्दल काय लिहिलं जातं ते आपल्यापर्यंत पोचत नाही. हे मला फार लागतं. ज्यांना आतली माहिती आहे त्यांनी नीट समजावून सांगावं.

निवृत्त ऑडिटवाला, जीवाजीगंज

ताई, माझी सगळी नोकरी ऑडिटमध्ये गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१९५६ मध्ये मध्यप्रदेश झाला तेव्हा राजधानी भोपाळला, हायकोर्ट जबलपूरला आणि महालेखाकार, महसूल मंडळ, परिवहन व आबकारी आयुक्त ही कार्यालयं ग्वाल्हेरला, अशी वाटणी झाली. तेव्हापासून कुठल्या कुठल्या जिल्ह्यातली बिलं आणि व्हाउचर झाँसी रोडवरच्या एजी ऑफिसात येत आली आहेत.

काम असं चालतं. ऑडिट पार्टी जिल्ह्याच्या कार्यालयात जाऊन बसते. शंका आली की अर्धं पान उत्तराला मोकळं सोडून मेमो देते, आमच्या बोलीत हाफ मार्जिन. उत्तर पटलं तर मुद्दा तिथेच सुटतो. नाही पटलं तर निरीक्षण अहवालात, म्हणजे आयआरमध्ये, पॅरा म्हणून जातो. त्यातले गंभीर पॅरे ड्राफ्ट पॅरा होऊन भोपाळला खात्याच्या सचिवांकडे जातात, उत्तराला साधारण सहा आठवडे देतात. एग्झिट कॉन्फरन्स होते, समोरासमोर बसून एकेक आकडा बघतात. पुढे दिल्लीच्या मुख्यालयात प्रत्येक वाक्यामागचा कागद मागतात. हे सगळं उरकलं की कॅगची सही.

२०२२ मध्ये फुटलं ते सहीच्या आधीचं होतं. ‘अंतिम नाही’ हे सरकारचं म्हणणं नियमाला धरूनच होतं आणि मी त्या बाबतीत सरकारच्या बाजूने आहे. लॉगबुकात गाडीचा नंबर उतरवताना कारकुनाकडून एखादा आकडा इकडचा तिकडे होतो. खात्याचं उत्तर न ऐकता पॅरा बाहेर आणणं हा त्या कारकुनावर अन्याय होईल. ड्राफ्ट उघडे करा असं कोणी म्हणत असेल तर माझा विरोध आहे.

पण सही झाल्यानंतरचं काय? संविधानाचं कलम १५१ सांगतं की केंद्राचा अहवाल राष्ट्रपतींकडे आणि राज्याचा राज्यपालांकडे द्यायचा, त्यांनी तो सभागृहापुढे ठेववायचा. किती दिवसांत, हे त्यात लिहिलेलंच नाही. १९७१ च्या कॅगच्या कायद्यातही अशी मुदत नाही. म्हणजे आमची पार्टी उन्हातान्हात गोदामाचं रजिस्टर तपासून येते, दिल्लीपर्यंत झाडून सगळे कागद पडताळले जातात, आणि छापून तयार झालेला अहवाल सरकारला सोयीचा दिवस येईपर्यंत थांबतो. पटलावर ठेवल्याशिवाय कॅगच्या संकेतस्थळावरही तो चढत नाही. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर हेच आहे: तारीख सरकार ठरवतं.

माझी मागणी एकच आहे. सही झालेल्या अहवालाला तारीख लावा. अधिवेशन चालू असेल तर पहिल्या आठवड्यात, नसेल तर ठरलेल्या मुदतीनंतर तो आपोआप सदस्यांकडे जावा आणि संकेतस्थळावर यावा. आणि ज्या खात्याचा पॅरा असेल त्या खात्याची अनुदान मागणी, म्हणजे खर्चाचे पैसे मंजूर करण्याचा प्रस्ताव, सभागृहात येण्याआधी तो विधायकांच्या हातात असावा. महिला व बाल विकासाच्या मागणीवर मत देऊन झालं, आणि पोषण आहाराचा अहवाल नंतर आला, तर त्या विधायकाने तो कशासाठी वाचायचा? खात्याला पैसे तर देऊन झाले. एरवीही कित्येक मागण्या चर्चेशिवाय गिलोटिनने, म्हणजे वेळ संपली म्हणून एकगठ्ठा, मंजूर होतात. ज्या थोड्या चर्चेला येतात त्यांत तरी हातात पुरावा असू दे.

सयाजीगंजकर

वडोदऱ्याहून लिहितोय. काकांनी तारखेचं म्हटलं ते आमच्या गुजरातला शंभर टक्के लागू आहे. इथे कॅगचे अहवाल अनेकदा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर येतात. विरोधी पक्ष दर वेळी त्यावर बोलतो, दुसऱ्या दिवशी पेपरात दोन-तीन पॅरे छापून येतात आणि सभागृह उठलेलं असतं. पुढच्या अधिवेशनापर्यंत तो विषय कोणाच्या लक्षात राहतो?

अजून एक. अमेरिकेत जीएओ म्हणून सरकारी खर्च तपासणारी संस्था आहे, १९२१ पासूनची. तिच्या संकेतस्थळावर प्रत्येक शिफारशीपुढे लिहिलेलं असतं की ती अजून उघडी आहे, अमलात आली, की अमलात न येताच बंद झाली. तिथल्या खात्यांच्या इन्स्पेक्टर जनरलांचे, म्हणजे खात्यातल्याच तपासनीसांचे, अहवाल २०१७ पासून एकाच संकेतस्थळावर गोळा केलेले आहेत. आपल्याकडे अहवाल वाचायला मिळतो, पण त्या पॅऱ्याचं पुढे काय झालं ते शोधायचं तर आपण कुठे बघायचं?

इंदूर खंडपीठ वकील

कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो.

दिल्लीचं उदाहरण ताजं आहे. कॅगचे १४ अहवाल विधानसभेत ठेवले जात नव्हते म्हणून तेव्हाचे विरोधी विधायक हायकोर्टात गेले. जानेवारी २०२५ मध्ये कोर्टाने फार विलंब झाल्याचं मान्य केलं, पण विशेष बैठक बोलावण्याचा आदेश द्यायला नकार दिला. निवडणूक झाली, सरकार बदललं आणि २५ फेब्रुवारी २०२५ पासून ते अहवाल पटलावर यायला लागले. म्हणजे कोर्टाने उशीर बघितला आणि उपाय शेवटी मतपेटीतून आला. कायद्यात मुदत लिहिलेली असती तर कोर्टाला ती पाळायला सांगता आली असती. म्हणून मला काकांची मागणी पटते, ती कलम १५१ ला धक्का न लावता साध्या कायद्याने करता येण्यासारखी आहे असं माझं मत.

पटलावर न आलेला अहवाल माहिती अधिकारात मागू नका, वेळ जाईल. २००५ च्या कायद्यातलं कलम ८(१)(सी) सभागृहाच्या विशेषाधिकाराचं आहे, त्यावर बोट ठेवून नकार येतो. लोकहिताचं कलम ८(२) आहे, पण त्यासाठी अपिलं लढवावी लागतात. त्याऐवजी काकांनी सांगितलेला आयआर मागा. तो सभागृहासाठी लिहिलेला नसतो, तपासलेल्या कार्यालयाच्या प्रमुखाकडे गेलेला असतो. अर्ज त्याच कार्यालयाकडे करायचा, आयआरची प्रत आणि त्यावर दिलेलं उत्तर दोन्ही मागायचे.

मुरारची शिक्षिका

सगळ्यांचे मनापासून आभार. आयआरची वाट मला माहीतच नव्हती. दोन गोष्टी विचारते. एक, कॅगचे अहवाल तपासणारी सभागृहाची लोकलेखा समिती असते, तिच्यात काय होतं? तिथे तरी विधायक अहवाल वाचतात ना? दुसरं, अहवाल उघडला की तीन-चारशे पानं आणि सगळी भाषा सरकारी. माझ्यासारखीने सुरुवात कुठून करायची?

निवृत्त ऑडिटवाला, जीवाजीगंज

ताई, समितीबद्दल मला मनापासून बोलायचं आहे.

दिल्लीच्या लोकलेखा समितीत २२ सदस्य असतात, १५ लोकसभेचे, ७ राज्यसभेचे. १९६७ पासून अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याची प्रथा आहे. राज्यांमध्येही अशी समिती असते आणि महालेखाकार तिला मदत करतात. त्या बैठकांत मी मागच्या रांगेत फायली घेऊन बसलेलो आहे. ज्या सदस्याने पॅरा वाचलेला असतो तो आकडा आणि तारीख धरून प्रश्न विचारतो, आणि मग सचिव शेजारच्या अधिकाऱ्यांकडून कागद मागायला लागतात. तीच ती जागा जिथे लेखापरीक्षणाला दात येतात. न वाचता आलेला सदस्य आपल्या क्षेत्रातल्या बदलीचं किंवा हँडपंपाचं विचारतो आणि खातं सुटतं. फरक एवढ्या तयारीचा आहे. आणि तयारीला विधायकाकडे माणूस कुठे असतो? स्वीय सहायक लग्नाच्या पत्रिका आणि अर्ज सांभाळण्यात गुंतलेला. म्हणून मला वाटतं अहवालासोबत प्रत्येक विधायकाला त्याच्या जिल्ह्यापुरतं दोन पानी टिपण एजी ऑफिसनेच द्यावं. माहिती आमच्याकडे असतेच, फक्त जिल्हावार वेगळी काढायची.

समितीच्या बैठका बंद खोलीत होतात. लोकसभेच्या नियमांत समित्यांच्या बैठका खाजगी असतील असं स्पष्ट आहे. ब्रिटनमध्ये, जिथून आपण ही समिती घेतली, तिथे साक्षी उघडपणे होतात, लोक त्या बघू शकतात. संरक्षणासारखे विषय सोडून आपल्याकडेही साक्षी उघड्या व्हाव्यात. पोषण आहाराच्या पिशवीत लपवण्यासारखं काय असतं?

सयाजीगंजकरांच्या मुद्द्याचं उत्तर: केंद्राच्या खात्यांनी अहवाल ठेवल्यापासून चार महिन्यांत कृती टिपण, म्हणजे आक्षेपांवर काय केलं ते, द्यायचं असतं, त्यावर लक्ष ठेवायला अर्थ मंत्रालयाचं पोर्टलही आहे. पण ते खात्यांच्या आपसातल्या कामाचं. आपल्याला पॅरा टाकून त्याची आजची स्थिती बघता येईल असं त्यातून काही मिळत नाही, तिथेच तुमचं जीएओचं उदाहरण कामाला येतं.

आता वाचायचं कसं. कॅगच्या संकेतस्थळावर लेखापरीक्षा अहवालांत जाऊन राज्य मध्यप्रदेश निवडा, हिंदी प्रत घ्या. पहिल्या पानापासून वाचायला बसू नका. मागची परिशिष्टं आधी उघडा. नमुन्यासाठी कुठले जिल्हे निवडले, कुठल्या कार्यालयात किती रक्कम, कुठल्या वर्षाची, हे बऱ्याचदा तिथे तक्त्यात असतं. ग्वाल्हेर किंवा मुरार दिसलं की त्या तक्त्याशेजारचा परिच्छेद क्रमांक बघा आणि तेवढाच मुख्य भागात वाचा. पॅऱ्याच्या शेवटी खात्याचं उत्तर आणि ते उत्तर लेखापरीक्षेला का पटलं नाही हे लिहिलेलं असतं. मला विचाराल तर तो भाग सगळ्यात मोलाचा, दोन्ही बाजू चार-सहा ओळींत मिळतात. ‘शासनाने उत्तर दिले नाही’ असं वाक्य सापडलं तर खालीच खूण करून ठेवा.

सयाजीगंजकर

परिशिष्टांचं कधी सुचलं नव्हतं. नगर निगमसाठी पण असंच करता येतं का?

निवृत्त ऑडिटवाला, जीवाजीगंज

निगमचा हिशेब आमच्याकडे मुख्यतः स्थानीय निधि संपरीक्षावाले बघतात, कॅग त्यांना तांत्रिक मार्गदर्शन करतो. पंधराव्या वित्त आयोगाने अनुदानासाठी अटच घातली की नगर संस्थांनी लेखापरीक्षित हिशेब ऑनलाइन ठेवावेत, त्यामुळे ताळेबंद बघायला मिळतो. लेखापरीक्षकांचे आक्षेप मात्र त्यात सविस्तर सापडतीलच असं नाही, ते निगमकडून मागावे लागतात. तुमच्या पार्षदाला सांगा, त्याने परिषदेत मागितले तर त्याला टाळणं जड जातं.

ताई, तुमच्या अंगणवाडीसाठी आयआरचा अर्ज जिल्हा कार्यक्रम अधिकारी, महिला व बाल विकास यांच्या नावे करा. १० रुपये फी. ‘मागच्या पाच वर्षांतील सर्व निरीक्षण अहवाल व त्यांवरील अनुपालन’ असं लिहा. ‘अनुपालन’ शब्द गाळू नका, नाहीतर नुसता आक्षेप मिळेल आणि त्यांनी पुढे काय केलं ते राहून जाईल. मसुदा इथे टाका, मी बघून देतो.