मदत हवी आहे: ठेकेदार पगार खात्यात भरतो आणि त्यातले पैसे रोख परत घेतो, तक्रार कशी करायची?

नमस्कार मंडळी,

माझी आई पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात ठेकेदारामार्फत हाउसकीपिंगला आहे. कागदावर तिचा पगार किमान वेतनाच्या नियमात बसतो. पीएफच्या पासबुकातही दर महिन्याला रक्कम दिसते. पण खात्यात 13,000 च्या आसपास जमा झाले की सुपरवायझर सगळ्या मावशींना निरोप देतो. ड्यूटी सुटल्यावर तळघरातल्या पार्किंगमध्ये, चादरींच्या खोलीच्या दाराशी तो वही घेऊन उभा असतो. प्रत्येकीने 3,000 रोख द्यायचे, मग तो नावापुढे टिक करतो. ऑनलाइन दिलेलं चालत नाही. हातात उरतात दहा हजार, तेही बारा तासांच्या ड्यूटीचे. स्लिपवर तास आठच असतात, ओव्हरटाइमचा रकाना कोरा.

मला सर्वांत जास्त संताप कशाचा येतो ते सांगते. किमान वेतनातला विशेष भत्ता महागाई निर्देशांकाप्रमाणे दर जानेवारीत आणि जुलैमध्ये बदलतो. म्हणजे महागाईची झळ कामगाराला थोडी कमी लागावी म्हणूनच तो आहे. इथे स्लिपवरचा आकडा वाढला की परत करायची रक्कमही वाढते. आधी अडीच हजार होती, आता तीन झाली. आईच्या हातात आधीही दहा हजारच पडायचे, आताही तेवढेच. पीएफ आणि ईएसआयची (कामगार विम्याची) कपात मात्र स्लिपवरच्या पूर्ण आकड्यावर होते.

आम्ही कात्रजला राहतो. अकरा महिन्यांचा नवा करार झाला तेव्हा खोलीचं भाडं 7,000 झालं. पीएमपीचा, म्हणजे शहर बसचा, मासिक पास जून 2025 मध्ये 900 वरून 1,500 झाला. लाडकी बहीणचे 1,500 येतात ते जसेच्या तसे पासात जातात. सिलिंडर साडेआठशेच्या वर. रेशनकार्ड केशरी आहे, पण धान्य मिळत नाही, कारण शहरात त्यासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 59,000 आहे. म्हणजे महिन्याला पाच हजारही नाहीत. पुण्यात तेवढ्यात खोलीचं भाडंसुद्धा निघत नाही, ही मर्यादा खरंच बदलायला हवी. मी कॉलेज करून एका दुकानात अर्धवेळ काम करते, त्यातून माझी फी आणि किराणा कसाबसा भागतो. आईला बीपीच्या गोळ्या चालू आहेत. ईएसआयमधून त्या मिळू शकतात, पण बिबवेवाडीच्या ईएसआय रुग्णालयात रांगेत उभं राहायचं तर खाडा पडतो, म्हणून ती मेडिकलमधूनच घेते.

मागे दोघींनी पैसे परत द्यायला नकार दिला. त्यांना कामावरून काढलं नाही, "साइट बदलली" म्हणून थेट हिंजवडीला पाठवलं. कात्रजहून सकाळी सातची ड्यूटी गाठणं त्यांना जमेना, शेवटी दोघींनी स्वतःच काम सोडलं. तेव्हापासून कुणी तोंड उघडत नाही.

आता मला हे विचारायचं आहे. रोख दिल्याची पावती कुणाकडेच नाही. पण सगळ्या जणींच्या बँक स्टेटमेंटमध्ये पगारानंतर एकाच दिवशी एकसारखी रक्कम एटीएममधून काढलेली दिसेल. एवढा पुरावा चालतो का? सुपरवायझरचं बोलणं फोनवर रेकॉर्ड केलं तर त्याचा उपयोग होतो का, की उलट आईच अडचणीत येईल? बारा तासांचा पुरावा म्हणून गेटवरच्या रजिस्टरची नक्कल मागता येते का? तिथे येण्याजाण्याची वेळ रोज लिहिली जाते.

ठेकेदाराने वेतन बुडवलं तर मूळ मालकाची, म्हणजे इथे रुग्णालयाची, जबाबदारी असते हे वाचलंय. मग आधी रुग्णालयाच्या एचआरला लेखी द्यावं की थेट कामगार आयुक्तांकडे जावं? एचआरला कळलं की ठेकेदाराला तासाभरात कळेल, ही भीती आहे.

मुदतीचाही गोंधळ आहे. किमान वेतनाच्या जुन्या कायद्यात दावा सहा महिन्यांत करावा लागायचा. नव्या वेतन संहितेत तीन वर्षं आहेत आणि ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. मग त्याआधी दिलेले पैसे मागता येतील का?

शेवटचं, एकट्या आईच्या नावाने तक्रार नको आहे. कचरावेचक आणि घरकामगार बायकांच्या संघटना पुण्यात आहेत हे माहीत आहे. रुग्णालयातल्या कंत्राटी कामगारांसाठी कोण काम करतं? वाकडेवाडीच्या कामगार कार्यालयात कुणी अशी तक्रार केली असेल तर कोणते कागद नेले, कुणाला भेटलात, ते सविस्तर लिहा. रुग्णालयाचं नाव इथे विचारू नका. आईची सुट्टी गुरुवारी असते, त्या दिवशी आम्ही दोघी जाऊ शकतो.