घरी बनवलेल्या लाकडी पाट्या : अनुभव धागा (ठाणे, नवी मुंबई)

पाचपाखाडीकर
मंडळी, हल्ली दारावर, किचनमध्ये, देवघराशेजारी जिथे तिथे रफ लाकडाच्या पाट्या दिसतात. ऑनलाइन बघायला जावं तर एवढीशी फळी, वर दोन इंग्रजी शब्द आणि किंमत बघून डोळे पांढरे. ज्यांनी स्वतः हाताने बनवल्यात त्यांनी लिहा ना, लाकूड कुठून आणलंत, अक्षरं कशी काढलीत, आणि मेन म्हणजे पावसाळा काढला का तिने? व्हिडिओतले लोक गॅरेजमध्ये करतात, आपल्याकडे गॅरेज नाही आणि हवा कोरडी नाही, म्हणून इथलेच अनुभव हवेत.

रबाळे_सेकंड_शिफ्ट
आमच्या एमआयडीसीत पाइनच्या पॅलेट ढिगाने पडलेल्या असतात, बंदरातून कंटेनर आला की मालाखालच्या. भंगारवाला स्वस्तात देतो. पण उचलायच्या आधी शिक्का बघा, गव्हाच्या लोंबीचं चित्र असतं आणि बाजूला इंग्रजी अक्षरं. एचटी लिहिलं असेल तर लाकूड तापवून किडे मारलेत, आतपर्यंत 56 डिग्री अर्धा तास, ते बिनधास्त घ्या. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी, ते घरात आणूच नका. तेलाचे किंवा केमिकलचे डाग असले तर एचटी असलं तरी सोडून द्या.
आणि खिळे उपटत बसू नका. पॅलेटचे खिळे पिळाचे असतात, उपटले की फळी फाटते. फटीत हॅकसॉ ब्लेड घालून खिळाच कापायचा. डोकी फळीत राहतात, आणि खरं सांगू का, पाटीची शोभा तीच.

चरईची_सून
आमची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा सासऱ्यांनी खिडकीची एक सागाची फळी ठेवून घेतली होती, ती पलंगाखाली पडून होती आणि झाडू मारताना मी रोज तिच्या नावाने बोटं मोडायचे. वर ऑइलपेंटचे थर, हिरवा, त्याखाली निळा, त्याखाली चॉकलेटी. मी म्हणत होते सगळा खरवडून टाकू, सासरे म्हणाले राहू दे गं थोडा. मग सुटा झालेला तेवढा काढला आणि लाकडाच्या रेषांत अडकलेला हिरवा तसाच ठेवला. आता येणारा प्रत्येक जण विचारतो हा इफेक्ट कसा दिलात. अहो इफेक्ट कसला, चाळीतल्या दिवाळ्यांचा रंग आहे तो. नवीन लाकडाला साखळीने मारून जुनं करणारे लोक बघितले की मला हसूच येतं.
फक्त जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. घरगुती रंगात शिशाला 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा आली तीच मुळी 2017 च्या नोव्हेंबरपासून. पाणी मारून ओल्या पॉलिश पेपरने घासा, मास्क लावा, पोरांना लांब ठेवा.

कोपरी_ब्रशवाला
वडील दुकानांचे बोर्ड रंगवायचे, फ्लेक्स आला आणि तो धंदा बसला. नाटकांच्या जाहिरातीतली कमल शेडगे यांची अक्षरं ते पेपरातून कापून ठेवायचे, वळण बघायला. तेव्हा अक्षरांचं मी सांगतो.
इंग्रजी स्टेन्सिल बघून मराठीचं कापायला गेलात तर व, ब, ठ यांच्या पोटातला तुकडा सुटून पडणार. त्याला पूल, म्हणजे तो तुकडा धरून ठेवणारी बारीक पट्टी, ठेवायला लागतो आणि पूल ठेवला की अक्षर तुटकं दिसतं. त्यापेक्षा प्रिंट काढा, 'मुक्त' आणि 'बलू' हे 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे फॉन्ट फुकट आहेत, कागदाच्या मागून 6बी (मऊ, काळी) पेन्सिल घासा, फळीवर टेपने चिकटवा आणि वरून गिरवा. मग गोल ब्रशने इनॅमल.
कोरायचं असेल तर नीट वाचा. फळी आडवी म्हणजे लाकडाच्या रेषाही आडव्या, आणि आपली शिरोरेषा बरोब्बर त्याच दिशेने. पटाशी मारली की लाकूड चिरत पुढे पळतं आणि पार शेवटच्या अक्षराच्या बाहेर जाऊन थांबतं. म्हणून आधी शिरोरेषेच्या दोन्ही टोकांना उभा काप मारून ठेवायचा, पटाशी तिथे अडते. मग कटरने वरची खालची कड, आणि मग मधलं लाकूड पापुद्र्या पापुद्र्याने काढायचं. काना रेषांना छेदून जातो, तिथे पटाशीला धार नसेल तर उंदराने कुरतडल्यासारखं होतं. अनुस्वार सगळ्यात शेवटी, ड्रिलचं टोक नुसतं टेकवून फिरवायचं. वेलांटी कोरायच्या भानगडीत नवख्याने पडू नये, ती रंगवावी.

घोडबंदर_ट्रॅफिकमध्ये
आमच्या सोसायटीत दाराबाहेरच्या पाट्या सगळ्यांच्या सारख्या हव्यात असा फतवा आहे, स्टीलच्या. त्यामुळे माझी "चपला बाहेर काढा" ही पाटी घराच्या आत लटकतेय. वाचेपर्यंत माणूस चपलेसकट सोफ्यावर 😄

सीवूड्स_खाडीकाठ
पावसाळ्याचं कोणीच लिहीत नाहीये म्हणून मी लिहिते. पाटी वाकते कारण लोक फक्त पुढून पॉलिश मारतात. मागची उघडी बाजू दमट हवा पिऊन फुगते, पुढची तेवढी फुगत नाही, आणि कडा पुढे वळतात. पुढे जितके हात तितकेच मागे, आणि कापलेल्या टोकांना एक जास्त, पाणी तिथूनच भसाभस शिरतं. भिंतीला चिकटवू नका, मागे रबरी वॉशर लावून थोडी हवा खेळू द्या. ऐन जुलैत मेलामाइन किंवा लाखेचं पॉलिश मारू नका, पांढरट झाक येते, दसरा-दिवाळीपर्यंत थांबा. सागाला लोखंडी स्क्रू तर नकोच, भोवती काळे डाग पडतात. पितळी नाहीतर स्टेनलेस.

तुर्भे_सेक्टर_वाला
@सीवूड्स_खाडीकाठ तो काळा डाग मी मुद्दाम पाडतो! व्हिनेगरमध्ये बारीक स्टील वूल टाकून काही दिवस ठेवायचं, झाकण सैल, गॅस होतो. स्टेनलेसची घासणी चालणार नाही, गंजणारंच हवं. गाळून फळीवर फिरवलं की साग, बाभूळ बघता बघता काळपट होतात, कारण त्यांच्यात टॅनिन हे तुरट द्रव्य असतं, ते लोखंडाशी मिळून काळं होतं. पाइनमध्ये ते फार कमी, म्हणून आधी कडक कोऱ्या चहाचा एक हात मारून वाळू द्यायचा. आधी मागच्या बाजूला ट्राय करा, प्रत्येक फळी वेगळा रंग देते. मे महिन्यात एपीएमसीच्या फळ मार्केटबाहेर हापूसच्या रिकाम्या पेट्या मिळतात, त्याच्या पट्ट्या पातळ असतात, किल्ल्या अडकवायच्या छोट्या पाटीला मस्त.

पाचपाखाडीकर
भारी माहिती! पॉलिशऐवजी जवसाचं तेल चालेल का? घरात आहे, खायचं.

सीवूड्स_खाडीकाठ
खायचं तेल वाळायला फार वेळ घेतं आणि आपल्या हवेत तोवर बुरशी धरते. हार्डवेअरवाल्याकडे बॉइल्ड म्हणून मिळतं ते आणा, टर्पेंटाइन घालून पातळ हात मारा आणि थोड्या वेळाने वरचं सगळं पुसून घ्या, नाहीतर चिकट राहतं. ती पुसलेली चिंधी बोळा करून डब्यात टाकू नका हं, हे तेल वाळताना गरम होतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. बाहेर दोरीवर एकेरी पसरा, वाळून कडक झाली की मगच कचऱ्यात.